दुकान खरे की खोटे : पडताळणीच्या फुकट साधनांचे परीक्षण

अनोळखी विक्रेत्याला पैसे पाठवण्याआधी त्याची खातरजमा करून देणारी साधने आता इतकी झाली आहेत, की खुद्द त्या साधनांचीच पारख करण्याची वेळ आली आहे. डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदलेल्या नावाचे, वय सांगणारी सेवा, संकेतस्थळाला शंभरपैकी गुण देणारी सेवा, ग्राहकांचे अभिप्राय गोळा करणारी सेवा, छायाचित्राचा उगम शोधणारी सेवा, शिवाय कंपन्यांच्या सार्वजनिक नोंदवह्या. यांतील बहुतेक फुकट आहेत आणि प्रत्येकीचा सूर ‘आता निर्धास्त व्हा’ असाच असतो. ही साधने मी नेहमी वापरतो आणि त्यांच्याविषयीचे माझे मत एकाच कसोटीवर ठरले आहे: साधन जी खूण तपासते, ती खूण खोटी उभी करायला भामट्याला किती पैसा, किती वेळ आणि किती धोका पत्करावा लागतो? जी त्याला काही मिनिटांत फुकट मिळते, ती प्रामाणिक दुकानदाराकडेही असते म्हणून तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. जिच्यासाठी त्याला वर्षे घालवावी लागतील किंवा स्वतःचा ठावठिकाणा उघड करावा लागेल, तीच कामाची. ही कसोटी लावली की सर्वांत नावाजलेली साधने मागे पडतात आणि ज्यांच्याकडे फारसे कोणी वळत नाही, अशी एकदोन पुढे येतात.

सुरुवात ॲड्रेस बारमधल्या कुलपापासून करावी लागते, कारण अजूनही पुष्कळ लोक त्याच्यावरच विसंबतात. कुलूप एवढेच सांगते की तुमचा ब्राउझर आणि ते संकेतस्थळ यांच्यातली देवाणघेवाण वाटेत तिसऱ्या कोणाला वाचता येणार नाही. पलीकडे कोण बसले आहे, याविषयी ते अवाक्षर काढत नाही. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र एके काळी बहुधा विकतच घ्यावे लागे. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ च्या अखेरीस सर्वांसाठी खुली झाली आणि तेच प्रमाणपत्र फुकट व आपोआप मिळू लागले. वेबवरच्या सर्वांचीच त्यामुळे मोठी सोय झाली आणि त्या सर्वांत ठगही आले. फिशिंगवर, म्हणजे खोटी पाने दाखवून पासवर्ड वगैरे उकळण्याच्या प्रकारावर, लक्ष ठेवणाऱ्या एपीडब्ल्यूजी या संघटनेच्या अहवालांनुसार २०२० च्या अखेरीस ८० टक्क्यांहून अधिक फिशिंग संकेतस्थळे कुलूप लावूनच वावरत होती. गूगलने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत या चिन्हाचा नेमका अर्थ केवळ ११ टक्के सहभागींना सांगता आला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमच्या ११७ व्या आवृत्तीपासून ते कुलूप हटवून त्या जागी सेटिंगचे चिन्ह बसवण्यात आले. कुलूप नसेल तर पाऊल मागे घ्यावे, इतकाच त्याचा उपयोग आहे.

कंपनीचे नाव तपासून मगच दिले जाणारे, त्यामुळे अधिक महाग असलेले विस्तारित पडताळणीचे प्रमाणपत्र हा त्यावरचा उपाय मानला जात होता. ते घेतले की ॲड्रेस बारमध्ये हिरव्या अक्षरांत कंपनीचे नाव झळकत असे. २०१७ मध्ये इयन कॅरोल या सुरक्षा संशोधकाने अमेरिकेतील केंटकी राज्यात ‘स्ट्राइप, इन्कॉर्पोरेटेड’ या नावाची कंपनी रीतसर नोंदवली आणि तिच्या नावे असे प्रमाणपत्र मिळवून दाखवले. पैशांच्या देवाणघेवाणीची सेवा देणारी त्याच नावाची प्रसिद्ध कंपनी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असल्याने कायद्याच्या दृष्टीने यात कुठेच खोट नव्हती. वापरणाऱ्याला मात्र दोन्ही ठिकाणी तेच हिरवे नाव दिसत होते. २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी ही हिरवी पाटी उतरवली. माझ्या मते या प्रकरणातून घ्यायचा बोध प्रमाणपत्रांपुरता मर्यादित नाही. ‘कंपनी नोंदणीकृत आहे’ हे वाक्य कितीही खरे असले, तरी तुमच्यासमोरचे संकेतस्थळ त्याच कंपनीचे आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. पुढे नोंदवह्यांकडे वळू तेव्हा हा मुद्दा पुन्हा लागणार आहे.

डोमेनच्या नोंदीला मी बरेच वरचे स्थान देतो. आयकॅन या डोमेन-व्यवस्था सांभाळणाऱ्या संस्थेच्या लुकअप पानावर संकेतस्थळाचे नाव टाकले की काही क्षणांत त्याची नोंद समोर येते. ‘.com’ सारख्या सामान्य डोमेनांसाठी जुन्या हूइज पद्धतीची सक्ती २८ जानेवारी २०२५ रोजी संपली असून आता ही माहिती आरडॅप या नव्या पद्धतीने मिळते. नोंदीत डोमेन कोणत्या निबंधकाकडून घेतले, कधी घेतले, शेवटचा बदल कधी झाला आणि मुदत कधी संपते, हे दिसते. मालकाचे नाव व पत्ता मात्र बहुधा झाकलेला असतो. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा विदासंरक्षण कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाल्यावर ही पद्धत सर्वत्र रूढ झाली, त्यामुळे मालकाचे नाव लपलेले दिसले म्हणून संशय धरण्यात अर्थ नाही. पाहायची ती निर्मितीची तारीख, आणि तीही एकटी पाहायची नाही. ‘गेली वीस वर्षे आपल्या सेवेत’ असे पाटीवर लिहिलेल्या दुकानाचे डोमेन मागच्याच महिन्यात घेतलेले असेल, तर एक प्रश्न उभा राहतो. तीन आठवडे वयाच्या दुकानात हजारो वस्तू आणि प्रत्येकीवर मोठी सूट असेल, तर दुसरा. निव्वळ नवेपणा मात्र गुन्हा नाही, कारण प्रत्येक खरे दुकानही कधी तरी तीन आठवड्यांचेच असते.

वयाची ही खूणही विकत घेता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मालकाने नूतनीकरण न केलेली जुनी डोमेने लिलावात विकली जातात. डोमेन पूर्णपणे रद्द होऊन पुन्हा नोंदले गेले तर निर्मितीची तारीख नवी पडते, पण रद्द होण्याआधीच लिलावात हस्तांतरित झाले तर जुनी तारीख तशीच राहते. त्यामुळे बारा वर्षांच्या जुन्या डोमेनवर कालपरवा उघडलेले दुकान थाटता येते आणि वय मोजणारी साधने त्याला बिनदिक्कत चांगले गुण देतात.

येथे इंटरनेट आर्काइव्हचे वेबॅक मशीन कामाला येते, आणि माझ्या मते या सर्व साधनांत तेच सर्वांत मोलाचे आहे. १९९६ पासून जतन केलेली वेबपाने २००१ मध्ये या सेवेने लोकांसाठी खुली केली. पत्ता टाकला की वर्षांची पट्टी आणि खाली दिनदर्शिका उघडते, आणि ज्या तारखेला पानाची प्रत घेतली गेली तेथे वर्तुळ दिसते. जुने वर्तुळ उघडावे, मग मधले, मग अलीकडचे. खऱ्या व्यवसायाचा प्रवास त्यात उमटलेला असतो: सुरुवातीचे ओबडधोबड पान, वाढत गेलेली वस्तूंची यादी, एकदा बदललेले बोधचिन्ह, पण नाव आणि धंदा तोच. लिलावात घेतलेल्या डोमेनवर मात्र दहा वर्षे एखाद्या गायनसंस्थेचे किंवा दंतवैद्यांच्या परिषदेचे पान दिसते, मग काही काळ काहीच नसते आणि अचानक महागडी घड्याळे विकायला लागलेली दिसतात. हा भूतकाळ नंतर पैसे मोजून उभा करता येत नाही, कारण प्रती त्या त्या दिवशीच घेतल्या गेलेल्या असतात. सेवेच्या मर्यादाही आहेत. छोट्या दुकानांच्या प्रती विरळ असतात, काही मालक आपली पाने वगळायला सांगतात आणि पान उघडायला कधी कधी कंटाळा येईल इतका वेळ लागतो. तरीही एक जास्तीचा फायदा सांगितलाच पाहिजे. याच संकेतस्थळावर कोणत्याही पानाची आजची प्रत जतन करता येते. पैसे देण्याआधी वस्तूचे पान आणि परताव्याच्या अटींचे पान असे जतन करून ठेवले, तर पुढे विक्रेत्याने अटी बदलल्या तरी खरेदीच्या दिवशी काय लिहिले होते, याचा पुरावा हाती राहतो.

संकेतस्थळाला एका आकड्यात गुण देणाऱ्या सेवांबद्दल मात्र मी उत्साही नाही. स्कॅमॲडव्हायझरसारखी सेवा डोमेनचे वय, सर्व्हरचे ठिकाण, प्रमाणपत्र, इतरत्र असलेले अभिप्राय अशा अनेक बाबी यंत्राकडून तपासून घेऊन शंभरपैकी एक आकडा हातावर ठेवते. आकड्याखाली दिलेली कारणे वाचली तर तिचा चांगला उपयोग होतो, कारण वेगवेगळ्या ठिकाणी शोधावी लागणारी माहिती एका पानावर सापडते. पण बहुतेक लोक कारणांपर्यंत पोहोचतच नाहीत. नव्याने सुरू झालेल्या, एकट्याने चालवलेल्या, स्वस्त सामायिक सर्व्हरवरच्या प्रामाणिक दुकानाला कमी गुण मिळतात आणि जुने डोमेन विकत घेतलेला ठग वरच्या श्रेणीत जाऊन बसतो. व्हायरसटोटल किंवा गूगलची सेफ ब्राउझिंग यादी यांचे काम वेगळे आहे. त्या घातक सॉफ्टवेअर आणि फिशिंगची पाने पकडतात. पैसे घेऊन वस्तूच न पाठवणाऱ्या दुकानाचे पान तांत्रिकदृष्ट्या निर्मळ असू शकते, मग या याद्यांनी त्याला पकडावे तरी कशावरून? शिवाय कोणतीही काळी यादी तक्रारी आल्यावर बनते, म्हणजे पहिल्या काही ग्राहकांच्या दृष्टीने तो बैल गेल्यावर केलेला झोपाच असतो. यादीत नाव सापडले तर व्यवहार तिथेच थांबवावा; सापडले नाही तर शोध चालू ठेवावा.

ग्राहकांच्या अभिप्रायांचा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्यावर जरा थांबायला हवे. ताऱ्यांचे मानांकन किती सहज उभे करता येते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २०१७ सालचे आहे. ऊबा बटलर या पत्रकाराने लंडनमधील आपल्या घराच्या परसातल्या शेडला ‘द शेड ॲट डलिच’ असे उपाहारगृहाचे नाव दिले, ट्रिपॲडव्हायझर या प्रवाशांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर त्याचे पान उघडले आणि ओळखीच्यांकडून खोटे अभिप्राय लिहून घेतले. पानावरच्या पदार्थांच्या छायाचित्रांत दाढीचा फेससुद्धा सजवून मांडलेला होता. काही महिन्यांत ते शहरातील पहिल्या क्रमांकाचे उपाहारगृह ठरले. तोपर्यंत तेथे एकाही ग्राहकाने पाऊल ठेवले नव्हते, कारण तसे उपाहारगृह अस्तित्वातच नव्हते. ‘जागा मिळणे अवघड’ असे सांगून प्रत्येकाला परत पाठवले जात होते आणि त्यामुळे मागणी आणखी वाढत होती. एका माणसाला गंमत म्हणून जे जमले, ते पैशासाठी धंदा म्हणून करणाऱ्या टोळीला किती सोपे असेल, याची कल्पना यावरून करता येते.

ट्रस्टपायलट ही २००७ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेली सेवा या बाबतीत बरीच सावध आहे. खोटे अभिप्राय शोधून काढण्यासाठी तिच्याकडे स्वयंचलित यंत्रणा आहे आणि दर वर्षी लाखोंच्या संख्येने असे अभिप्राय आपण हटवल्याचे ती स्वतःच्या पारदर्शकता अहवालात नमूद करते. हा आकडा तिच्या दक्षतेची साक्ष देतो आणि त्याच दमात तेथे ओतल्या जाणाऱ्या खोट्या मजकुराच्या पुराचीही. कंपनीच्या नावापुढे ‘दावा केलेले’ असे दिसते, त्याचा अर्थ कंपनीने ते पान आपल्या ताब्यात घेतले, इतकाच असतो. अनेकांना ती गुणवत्तेची मोहोर वाटते. सेवा चांगली आहे, पण सरासरी तारे हे तिचे सर्वांत निरुपयोगी अंग आहे. मी सरासरीकडे दुर्लक्ष करतो, अभिप्राय तारखेनुसार लावतो आणि एक तारा व तीन तारे असलेले आधी वाचतो. एकाच आठवड्यात पाच ताऱ्यांचा भडिमार आणि त्याआधी महिनोन्‌महिने शांतता, हे चांगले लक्षण नाही. ‘ऑर्डर करणे फार सोपे होते’ अशा आशयाचे कौतुक तर मी मोजतच नाही, कारण ते वस्तू हाती पडण्याआधी लिहिलेले असते आणि पैसे घेण्याची सोय ठगही उत्तमच ठेवतो.

वजन असते ते वस्तू परत करणाऱ्याच्या अनुभवाला. रंग चुकीचा आला, परत पाठवली, अकरा दिवस लागले, दोनदा ईमेल करावी लागली, पण पैसे आले: अशी कुरकुर करणारे चार अभिप्राय माझ्या लेखी चारशे कौतुकांना भारी आहेत. खोटे अभिप्राय लिहून देणारा असा कंटाळवाणा तपशील सहसा रचत नाही. तक्रारीला कंपनीने दिलेले उत्तरही वाचावे. प्रत्येक तक्रारीखाली तेच एक साचेबद्ध वाक्य आणि ‘आम्हांला ईमेल करा’ एवढेच असेल, तर तक्रारी मिटवण्याची व्यवस्था आहे की नाही, याची शंका रास्त ठरते. अभिप्राय लिहिणाऱ्याच्या नावावर क्लिक करून त्याने आणखी कशाकशाविषयी लिहिले आहे, हे पाहण्यात अर्धे मिनिट जाते. एकाच दिवशी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या सहा कंपन्यांना पाच पाच तारे देणारा माणूस कोण असतो, ते वेगळे सांगायला नको.

मान्यता देणाऱ्या संस्थांविषयी एक इशारा आवश्यक आहे. उत्तर अमेरिकेतील बेटर बिझनेस ब्यूरो या संस्थेची परंपरा १९१२ पासूनची, आणि तिची अक्षरश्रेणी अनेकांना शेवटचा शब्द वाटते. २०१० मध्ये एबीसी न्यूजच्या शोधमोहिमेत उघड झाले, की लॉस एंजेलिसमधील काही व्यावसायिकांनी अस्तित्वात नसलेल्या कंपनीसाठी सदस्यत्वाचे पैसे भरून ‘ए वजा’ ही श्रेणी मिळवली होती. त्या काल्पनिक कंपनीचे नाव त्यांनी मुद्दाम ‘हमास’ ठेवले होते. २०१३ मध्ये मूळ संस्थेने त्या भागातल्या शाखेला बाहेर काढले. ज्याला जोखायचे त्याच्याकडूनच वर्गणी घेणाऱ्या कोणत्याही संस्थेच्या बाबतीत ही अडचण थोडीफार असतेच. तरी या संस्थेच्या पानांवरचा तक्रारींचा मूळ मजकूर वाचण्यासारखा असतो. श्रेणी झाकून तेवढाच वाचावा. दुकानाच्या पानाच्या तळाशी चिकटवलेल्या ‘सुरक्षित’, ‘प्रमाणित’, ‘विश्वासार्ह’ अशा बिल्ल्यांचे तर विचारूच नये. बिल्ल्यावर क्लिक केल्यावर देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या पत्त्यावर त्या दुकानाची नोंद उघडली पाहिजे. नुसतेच चित्र असेल, तर ते कोणीही उतरवून घेऊन लावू शकतो.

छायाचित्रांचा उगम शोधणारी साधने, म्हणजे २००८ पासूनचे टिनआय किंवा गूगल लेन्स, मर्यादित पण नेमके काम करतात. टिनआयमध्ये निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात, ही त्याची जमेची बाजू. वस्तूचेच छायाचित्र इतर अनेक दुकानांत सापडले तर बिचकण्याचे कारण नाही, कारण उत्पादकाकडून आलेले चित्र सगळेच विक्रेते वापरतात. ‘आमची कार्यशाळा’, ‘आमचे संस्थापक’, ‘आमचे समाधानी ग्राहक’ या चित्रांचा शोध घ्यावा. संस्थापकाचा हसरा चेहरा विकाऊ छायाचित्रांच्या संग्रहात किंवा दुसऱ्या देशातील वकिलाच्या पानावर सापडला, की निकाल लागला. यंत्राने घडवलेले चेहरे आल्यापासून या साधनाची धार बोथट झाली आहे. असा चेहरा आधी कुठेच नसतो, त्यामुळे शोध रिकाम्या हाताने परततो. कोरा निकाल म्हणजे स्वच्छ चारित्र्याचा दाखला, असे आता मुळीच मानता येत नाही.

एका साधनाची जाहिरात कोणी करत नाही, ते म्हणजे साधे शोधयंत्र आणि दुहेरी अवतरणचिन्हे. दुकानाच्या परताव्याच्या धोरणातले एखादे लांब वाक्य जसेच्या तसे उचलावे आणि अवतरणचिन्हांत घालून शोधावे. ठगांची दुकाने घाऊक प्रमाणात, एकाच साच्यातून काढली जातात, त्यामुळे तेच वाक्य वेगवेगळ्या नावांच्या अनेक दुकानांत, तेवढ्याच चुकांसह सापडते. कधी कधी तर मजकुराच्या मध्यावर आधीच्या दुकानाचे नाव पुसायचे राहून गेलेले असते: वर पाटी एकाची, आणि परतावा मात्र ‘आमच्या’ म्हणून भलत्याच दुकानाकडे मागायचा. तयार साचे प्रामाणिक लोकही वापरतात, म्हणून निव्वळ साम्यावर निकाल देऊ नये. परक्या नावाचे अवशेष आणि संपर्कासाठी केवळ एक फॉर्म, हे दोन्ही एकत्र दिसले तर मी पुढे तपासत बसत नाही. सवलत संपायला उरलेली मिनिटे मोजणारे घड्याळ पानावर असेल, तर ते पान ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत पुन्हा उघडून पाहावे. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, तर निदान एक खोटे तरी तुमच्या डोळ्यांदेखत सिद्ध झाले. काही खरी दुकानेही ही युक्ती करतात, हे दुर्दैव आहे, आणि मी त्यांनाही पैसे देत नाही.

आता नोंदवह्या. जवळपास प्रत्येक देशात कंपन्यांची सार्वजनिक नोंदवही असते, आणि २०१० मध्ये सुरू झालेली ओपनकॉर्पोरेट्स ही सेवा अनेक देशांतल्या नोंदी एकत्र शोधू देते. वित्तव्यवहार करणाऱ्या मोठ्या संस्थांना वीस अक्षर-अंकांचा एलईआय हा जागतिक ओळखक्रमांक असतो आणि तो जीएलईआयएफ या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. नोंद सापडली, पण ती तुमच्यासमोरच्या माणसाची आहे का, हा स्ट्राइपच्या प्रकरणातला प्रश्न येथे परत येतो. गुंतवणुकीच्या क्षेत्रात तर परवानाधारक खऱ्या कंपनीचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक जसाच्या तसा उचलून फक्त फोन आणि ईमेल स्वतःचे टाकण्याची पद्धत सर्रास चालते. अशा वेळी ग्राहकाने क्रमांक तपासला की तो बरोबरच निघतो. म्हणून तपासाची दिशा उलटी ठेवावी. विक्रेत्याने दिलेल्या दुव्याने नोंदवहीत जाऊ नये. नियामकाच्या संकेतस्थळावर स्वतः जावे, तेथील नोंदीत दिलेला फोन नंबर घ्यावा आणि त्यावर फोन करून ‘हे संकेतस्थळ आपलेच आहे का’ असे सरळ विचारावे. रोखे नियामकांची आंतरराष्ट्रीय संघटना आयोस्को सदस्य नियामकांनी दिलेले इशारे एकत्र प्रसिद्ध करते. गुंतवणुकीचा प्रस्ताव असेल तर तेथेही नाव टाकून पाहावे. ही सगळी खटपट एखाद्या लहानशा खरेदीसाठी करणे म्हणजे अतिरेक होईल, पण आयुष्याची बचत गुंतवण्याआधी एवढे न करणे हा त्याहून मोठा अतिरेक आहे.

पत्ता वाचतानाही डोळ्यांवर फार भरवसा ठेवू नये. २०१७ मध्ये शुडाँग झेंग या संशोधकाने रशियन वगैरे भाषांच्या सिरिलिक लिपीतली अक्षरे वापरून ॲपलच्या पत्त्यासारखाच दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला होता, आणि त्या वेळच्या क्रोम व फायरफॉक्समध्ये दोहोंत फरक ओळखू येत नव्हता. क्रोमने पुढच्याच आवृत्तीत ही फट बुजवली. ओळखीच्या कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करावा किंवा ब्राउझरमध्ये जतन केलेल्या खुणेवरून (बुकमार्क) उघडावा. जाहिरातीतून किंवा संदेशातून आलेल्या दुव्यावरून नको.

शेवटी पैसे देण्याची पद्धत. ही पडताळणीची सेवा म्हणून कोणी मोजत नाही, पण माझ्या कसोटीवर तिच्याइतके बोलके दुसरे काही नाही. विक्रेत्याला कार्डाने पैसे घ्यायचे असतील, तर त्याला एखाद्या बँकेकडे किंवा देयकसेवेकडे खाते उघडावे लागते, स्वतःची ओळख पटवावी लागते आणि तक्रारी वाढल्या तर ते खाते गमवावे लागते. ग्राहकाला व्यवहारावर हरकत घेऊन पैसे परत मागता येतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अनेक प्रकारच्या तक्रारींसाठी ही मुदत १२० दिवसांची असते. पेपाल या देयकसेवेवर वस्तू न मिळाल्याची तक्रार १८० दिवसांत करता येते, मात्र तीच रक्कम ‘मित्र व कुटुंबीय’ या पर्यायाने पाठवली असेल तर खरेदीचे संरक्षण लागू होत नाही, आणि नेमका तोच पर्याय निवडायचा आग्रह ठग धरतात. बँकेतून थेट हस्तांतरण, क्रिप्टो आणि गिफ्ट कार्डाचे क्रमांक यांत गेलेला पैसा परत मिळणे फार अवघड असते. कोणतेही खरे दुकान दुसऱ्या कंपनीच्या गिफ्ट कार्डांत आपले बिल घेत नाही. कार्डाची चिन्हे पानावर झळकत असताना ऐन शेवटच्या पायरीवर ‘कार्डाची यंत्रणा सध्या बंद आहे, हस्तांतरण केल्यास जादा सूट’ असा निरोप आला, तर आधीच्या सगळ्या तपासण्या उत्तीर्ण झालेल्या असल्या तरी तिथेच थांबावे.

या संरक्षणालाही बगल देण्याची एक युक्ती प्रचलित आहे आणि ती आधीच माहीत असलेली बरी. ठग तुमच्या गावातल्या भलत्याच पत्त्यावर एखादे रिकामे पाकीट खऱ्या कुरियरने पाठवतो आणि त्याचा ट्रॅकिंग क्रमांक तुम्हांला देतो. पाकीट पोहोचते, नोंदीत ‘वितरित’ असे उमटते, आणि तुम्ही हरकत घेतली की तीच नोंद तो पुरावा म्हणून पुढे करतो. ट्रॅकिंगच्या पानावर सहसा फक्त गावाचे नाव असते, घरचा पत्ता नसतो, त्यामुळे दावा वरवर पटण्यासारखा वाटतो. अशा वेळी कुरियर कंपनीकडून पाकिटाचे वजन, ते ज्या पत्त्यावर दिले तो पत्ता आणि घेणाऱ्याची सही यांबाबत लेखी खुलासा मागावा. संपूर्ण पत्ता गोपनीयतेमुळे मिळाला नाही, तरी ‘पाकीट आपल्या पत्त्यावर दिलेले नाही’ एवढे कुरियर कंपनीने लिहून दिले, तरी तक्रारीला बळ येते. काही किलो वजनाच्या वस्तूच्या नावाने नोंदलेले पाकीट पन्नास ग्रॅमचे निघाले, तर तो कागद बँकेकडे किंवा देयकसेवेकडे मुदतीच्या आत, खरेदीच्या दिवशी जतन केलेल्या पानांसह पाठवावा.